उरलेल्या चार तारा

"दिवा कुठला आहे, बाई? हिरवा की केशरी?"

मी फोन केला की मोरूभाऊंचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, कशा आहात नाही, जेवलात का नाही. आधी दिवा. एरवी माणूस इतका बोलका, की दवाखान्याच्या फाटकातून माझ्या खिडकीपर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागायचा. वॉचमनच्या गुडघ्याची चौकशी, कॅन्टीनमधल्या बाईच्या सुनेची चौकशी, बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला "कुठले तुम्ही?" हे तर हवंच. पण यंत्र अडलं की त्यांना दिव्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही.

तो दिवा म्हणजे काय, ते सांगते, कारण मलाही आधी ठाऊक नव्हतं. आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे आमचं कोठारच म्हणा ना. सगळ्यांचे एक्स-रे, सगळे रिपोर्ट, सगळं त्याच्या पोटात. त्याच्या पाठीला एक कार्ड, त्या कार्डात केबलचं टोक खुपसलेलं, आणि त्या टोकाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. दिवा हिरवा असेल तर माल पूर्ण वेगाने येतोय-जातोय. केशरी असेल तर रडतखडत. आणि विझलेला असेल तर मोरूभाऊ उमेळ्याहून स्कूटरवर बसलेच म्हणून समजा.

एकदा गणपतीत असंच झालं. त्यांच्या घरी आरती चालू, फोनमधून झांजा ऐकू येतायत, आणि इकडे माझ्या खिडकीपुढे रिपोर्टसाठी माणसं उभी.

"दिवा कुठला, बाई?"

मी म्हटलं, "पोपटी आहे."

"पोपटी असं काही नसतं! साडी घ्यायला आलात का तुम्ही?"

"अहो, मग काय सांगू? पोपटीच दिसतोय. आणि डोळा मारतोय."

"कुणाला?"

"मला! दुसरं कोण आहे इथे?"

तिकडे आरती म्हणता म्हणता कुणीतरी खुदकन हसलं, बहुधा वहिनी. मग मोरूभाऊ म्हणाले, "टोक काढा. फुंकर मारा. परत बसवा. कट्ट असा आवाज आला पाहिजे. आला?"

"आला."

"मंगलमूर्ती मोरया," म्हणून त्यांनी फोन ठेवला. प्रसाद दुसऱ्या दिवशी आणून दिला.

मी सावंतबाई. विरारला फुलपाड्यात राहते, मूळची कोकणातली. वसईच्या या ट्रस्टच्या दगडी दवाखान्यात रिपोर्टच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी गेली. संगणक मी कुठे जाऊन शिकले नाही, त्या खिडकीत बसून शिकले, आणि त्यातलं निम्मं मोरूभाऊंचं बोलणं ऐकून. मोरेश्वर राऊत त्यांचं नाव. माणूस उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि वरच्या खिशात पेनाशेजारी सोनचाफ्याचं एक फूल. फूल स्वतःच्याच वाडीतलं, दुपारपर्यंत कुणाला तरी देऊन टाकलेलं असायचं. सर्व्हरच्या खोलीत शिरताना ते चपला बाहेर काढायचे आणि हात धुवायचे. मी एकदा म्हटलं, "देवघर आहे का हो हे?" तर म्हणाले, "देवाला धूळ चालते, बाई. याला नाही चालत."

हे काही अडाणी कारागीर नव्हेत हं. रीतसर डिप्लोमा केलेले, मुंबईत मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढलेले. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून उमेळ्याला परतले, आणि वाडी सांभाळून आमच्यासारख्या दोन-तीन ठिकाणची यंत्रं बघू लागले. नम्र वगैरे तर मुळीच नव्हते. "माझ्या हातची केबल माझ्यानंतर वीस वर्षं चालेल," असं ऐटीत सांगायचे. दुसऱ्या कुणी जोडलेली तार दिसली की नाक मुरडायचे. "ही बघा, वेणी घालायच्या ऐवजी बुचडा बांधलाय!"

पण रागावायचे मात्र नाहीत. आमच्या मेट्रनबाईंना क्रोशाचं वेड. टेबलावर क्रोशा, फोनवर क्रोशा, पाण्याच्या माठावर क्रोशा. त्यांनी एकदा सर्व्हरला मापाचं झाकण विणून घातलं, चांगलं दाट, कडेला झालर, खाली गोंडे. तिसऱ्या दिवशी सर्व्हर तापून बंद पडला. मोरूभाऊ आले. झाकण बघितलं, बोट फिरवून झालरही बघितली. मेट्रनबाई बाजूला उभ्या, चेहरा एवढासा झालेला. मोरूभाऊ म्हणाले, "विणकाम फार सुरेख आहे, बाई. पण त्याला ताप आलाय, आता गोधडी काढूया." ते झाकण त्यांनी घडी करून मागून घेतलं आणि घरी नेलं. पुढे मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बघितलं, त्यांच्या आईच्या शिवणयंत्रावर ते घातलेलं होतं.

त्यांच्या घरी मी गेले ती सुकेळी शिकायला. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात ना वसईत, ती. मोरूभाऊ दरवर्षी वाळक्या केळीच्या पानात बांधून आणायचे, मला ती स्वतः करून बघायची होती. सुकेळी काही मला जमली नाहीत, पण त्यांची विहीर बघितली. तीन भावांच्या वाड्यांना मिळून एक विहीर. पाण्याची पाळी ठरलेली. आज याची, उद्या त्याची. भोवती बिल्डिंगी उभ्या राहिल्यात, एका भावाने आपला तुकडा विकायचं नक्की केलंय, तरी पाळी चालूच. मोरूभाऊंची पाळी होती त्या दिवशी. त्यांचं शिंपून झालं, पाणी अजून येतच होतं. त्यांनी पायानेच मातीचा बांध सारला आणि पाणी भावाच्या केळीत सोडलं.

मी विचारलं, "आणि ते सांगतात का तुम्हाला, की आम्हाला द्या म्हणून?"

"सांगायचं कशाला? रिकामा पाट ठेवू नये, बाई. आपलं भागलं की पुढे सोडायचं. आमच्या आजाने सोडलं, बापाने सोडलं, आता मी सोडतो."

दवाखान्यातही त्यांचं तसंच चालायचं. कुठे काही उरलेलं, पडलेलं दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. टाकून दिलेल्या संगणकाचा पंखा वॉचमनच्या खोलीत लागला. जुना स्पीकर लहान मुलांच्या वॉर्डात गेला. कुणाला विचारलं, कुणाला नाही. ट्रस्टचे अध्यक्ष चौधरीसाहेब म्हणायचे, "राऊत, तुम्ही आमच्या दवाखान्यात चोरी करता, पण बाहेर काही नेत नाही."

आता तांडेलबाबांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय मोरूभाऊंची गोष्ट पुढे सरकत नाही.

तांडेलबाबा पाचूबंदरचे. जन्म समुद्रावर गेला, स्वतःची बोट होती, आता मुलगा बोटीवर जातो आणि सून मंगल लिलावात मासे विकते. बाबांची मूत्रपिंडं गेली, म्हणून डायलिसिस लागलं. आठवड्यातून तीनदा सकाळच्या पाळीला यायचं आणि चार तास हात ताणून पडायचं. पहिले काही दिवस आले, मग यायला कुरकुर सुरू झाली. मंगल हाताला धरून आणायची, आणि ते दारातच भांडायचे.

"रक्त धुवून काय करायचं गो? मासा किती पन धुतला तरी मेलेलाच ना!"

एकदा ते आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी आले ते सुजून, धाप लागलेली. डॉक्टर मंगलला बाजूला घेऊन म्हणाले, असं दोनदा चुकलं तर आम्ही काही करू शकणार नाही. मंगल माझ्या खिडकीशी उभी राहून पदरात रडली. मोरूभाऊ तेव्हा माझ्या संगणकाशी काहीतरी खुडबुडत बसले होते. ते उठले आणि आत डायलिसिसच्या खोलीत जाऊन बाबांच्या शेजारी स्टुलावर बसले. मी कागद द्यायला गेले तेव्हा ऐकलं.

"तांडेल, आत्ता या वेळेला घरी असता तर काय करत असता?"

"आता? आता बोटी लागल्या असतील. लिलाव उभा राहिला असंल. माझी सून भोळी हाय, तिला सगळे फसवतात. मी नसलो की बोंबील मातीमोल."

"आणि तुम्ही असता तर?"

"मी?" बाबांनी मोकळा हात उचलला. "मी नुसती भुवई हलवली तरी भाव वर जातो!"

पुढच्या खेपेला मोरूभाऊ टाकून दिलेल्या संगणकाचा पडदा घेऊन आले, त्यावर छोटा कॅमेरा, खाली माईक. त्या खोलीच्या भिंती दोन हात जाडीच्या, जुन्या दगडाच्या. आत मोबाईल धड लागत नाही, बिनतारी तर काहीच पोचत नाही. पण तिथल्या संगणकाला केबल होती, तिलाच त्यांनी एक छोटा डबा लावला आणि त्या डब्यातून पडदा जोडला. तिकडे पाचूबंदरला मंगलने गळ्यात मोबाईल अडकवला. आणि काय सांगू तुम्हाला, डायलिसिसच्या खोलीत लिलाव उभा राहिला! एका हातात सुया, आणि दुसरा हात हलवत बाबा ओरडतायत, "मंगल, सोडू नको! त्याच्या तोंडाकडं बघ, त्याला हवंय! थांब अजून!" शेजारच्या खाटेवरचे मास्तर, पलीकडच्या गुजराती आजी, सगळे मान वळवून पापलेटं बघतायत. सिस्टरांनी आधी डोळे वटारले, मग त्याही मंगलकडून कोळंबी सांगून घ्यायला लागल्या.

त्यानंतर बाबांनी पाळी चुकवली नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "डायलिसिसला कोन येतो? मी लिलावाला येतो."

मग आलं सीटी स्कॅनचं नवं मशीन. देणगीतून आलेलं, हार घातलेलं, पेढे वाटलेलं. आमच्याकडे स्कॅन वाचणारे डॉक्टर नाहीत, ते मुंबईत बसतात. चित्रं मशीनमधून सर्व्हरमध्ये आणि सर्व्हरमधून त्यांच्याकडे. एक्स-रे म्हणजे एक चित्र, ते कसंही गेलं तरी कळत नसे. पण एका डोक्याच्या स्कॅनची शेकडो चित्रं. ती जाता जाईनात. माणूस स्कॅन करून बाहेर येऊन बसायचा, चहा प्यायचा, नातेवाईक माझ्या खिडकीवर येऊन दमून परत जायचे, आणि चित्रं आपली मुंगीच्या रांगेने चाललेली.

सर्व्हरला नवं, दसपट वेगाचं कार्ड बसवलं. दिवा केशरी.

मोरूभाऊंनी कार्ड बदलून बघितलं. केशरी. पुढच्या कचेरीत जो वाटणीचा डबा असतो, ज्याला ते स्विच म्हणत, त्यातलं भोक बदललं. केशरी. कार्डाची आज्ञावली नवी घातली, जुनी घातली. केशरी. शेवटी त्यांनी कार्डाला हुकूमच सोडला, की तू पूर्ण वेगानेच चालायचंस. तर दिवा विझूनच गेला, आणि सगळा दवाखाना माझ्या नावाने ओरडायला लागला. हुकूम मागे घेतला, दिवा परत केशरी.

मशीनच्या कंपनीकडून एक मुलगी आली होती, इंजिनिअर, शांत, बोलायला गोड. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, भिंतीतली केबल टेस्ट केलीत का?"

मोरूभाऊ हसले. "ती केबल मी स्वतः टाकलीय, बेटा."

ती बिचारी गप्प बसली. वयाचा मान राखला तिने.

दिवस जात राहिले. मोरूभाऊंच्या खिशातलं फूल दुपारपर्यंत तसंच सुकायचं, कुणाला द्यायचं त्यांना भान नसायचं. वाटेतल्या चौकश्या बंद झाल्या. जेवणाचा डबा न उघडता परत न्यायचे. एका दुपारी एक रिक्षावाला आला, पडून डोक्याला मार लागलेला. स्कॅन झालं, पण चित्रं पोचेनात. डॉक्टर तिकडे खोळंबलेले, त्याची बायको इथे उभी. शेवटी त्याला तसाच दुसरीकडे हलवावा लागला. तो पुढे बरा झाला, देवाची कृपा. पण ती बायको ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मोरूभाऊ फाटकाशी उभे होते, ते मी बघितलं. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. कुठले तुम्ही, असंसुद्धा नाही.

चौधरीसाहेबांनी शनिवारी बैठक लावली. विषय एकच, राऊतांचा सर्व्हर काढून सगळं कंपनीच्या हवाली करायचं का.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मोरूभाऊ डायलिसिसच्या खोलीत तांडेलबाबांशी बोलत बसले होते. मीही तिथे कागद द्यायला गेले होते. खरं तर बोलत बाबाच होते.

"मोरूशेट, तोंड का असं सुकटासारखं?"

मोरूभाऊंनी सगळं सांगितलं. कार्ड, डबा, हुकूम, सगळं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "कार्ड बघितलंस?"

"बघितलं."

"डबा बघितलास?"

"बघितला."

"आनि वायर कोन टाकली?"

"मीच."

"म्हनजे ती नाय बघितली." बाबा खो खो हसायला लागले, इतके की सिस्टर धावत आल्या. "अरे, सासू सगळ्या सुनांना तपासते, आनि स्वतःची लेक सोडून देते! तसं झालं तुझं!"

मोरूभाऊ चिडले. खरंच चिडले, पहिल्यांदाच बघितलं मी. पण उठले. पिशवीतून तार तपासायचं यंत्र काढलं, हातात मावेल एवढं, त्याला आठ दिवे. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दरेक तारेचा एक दिवा. त्यांनी एक टोक सर्व्हरच्या बाजूला लावलं, दुसरं कचेरीत, आणि मला म्हणाले, "बाई, बघून सांगा."

चार दिवे लागले. चार लागले नाहीत.

ते तिथेच जमिनीवर बसले. चपला नव्हत्याच, मांडी घालून.  मग म्हणाले, "बाई, तुटलेल्या नाहीत हो त्या. मी देऊन टाकल्यात."

झालं होतं असं. फार वर्षांपूर्वी, डायलिसिसची खोली नवी केली, तेव्हा तिथे संगणकाला केबल न्यायची होती. भिंतीला भोक पाडायला चौधरीसाहेबांचा साफ नकार. भिंत त्यांच्या आजोबांनी बांधलेली. पण सर्व्हरची केबल त्या खोलीच्या छताजवळून आधीच जात होती. आणि त्या काळच्या वेगाला आठातल्या चारच तारा लागायच्या, उरलेल्या चार नुसत्याच पडून असायच्या. मोरूभाऊंनी केबल मधेच उघडली, उरलेल्या चार तारा काढल्या आणि डायलिसिसच्या खोलीला देऊन टाकल्या. सर्व्हरचं भागलं होतं, मग पुढे सोडलं. नवा वेग मात्र आठही तारा मागतो. आणि हे सगळं ते साफ विसरून गेले होते. वाडीतला माणूस शेजाऱ्याला दिलेलं पाणी कुठे लक्षात ठेवतो?

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. त्या चार परत सर्व्हरला जोडायच्या. अर्ध्या तासाचं काम."

"झालं तर मग!"

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. त्या चार तारांवर काय चाललं होतं ते उघड्या दारातून ऐकू येतच होतं. "मंगल, दे, दे त्याला आता! फार ताणू नको!"

बाबांची पाळी संपेपर्यंत मोरूभाऊ थांबले. ते गेल्यावर शिडी लावली आणि चारही तारा परत घेतल्या. दिवा हिरवा झाला. त्या संध्याकाळचं स्कॅन माझा चहा निवायच्या आत मुंबईला पोचलं. मेट्रनबाईंनी हात जोडले. मोरूभाऊंनी दिव्याकडे एकदा बघितलं, आणि डायलिसिसच्या सिस्टरांना सांगायला गेले, की दोन दिवस नोंदी हाताने लिहा, आणि सोमवारी तांडेलना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा.

मी त्यांना म्हटलं, खरं सांगते, "भाऊ, उद्या बैठकीत नुसतं सांगा की दोष सापडला, दूर केला. कुणाचा, कसा, कोण विचारतंय?"

ते म्हणाले, "त्या रिक्षावाल्याची बायको विचारतेय."

शनिवारच्या बैठकीला मला बोलावलं होतं, रिपोर्टला किती उशीर होतो ते सांगायला. ते सांगायची वेळच आली नाही. मोरूभाऊंनी उभं राहून सगळं सांगितलं, काही न वगळता.  शेवटी चौधरीसाहेब म्हणाले, "म्हणजे इतके दिवस पेशंट ताटकळले ते तुमच्या हाताने?"

"हो."

"राऊत, मग तुम्हीच सांगा मी काय करू."

"कंपनीला द्या, साहेब. त्या मुलीने पहिल्या दिवशी भिंतीतल्या केबलचं विचारलं होतं. मी हसलो. जो हसतो, त्याच्या हातात हे ठेवू नये." ते थांबले. "पण माझं एक मागणं आहे. भिंतीला भोक पाडायची परवानगी द्या. आज. सोमवारच्या आत डायलिसिसला स्वतःची केबल हवी."

"भोक? आजोबांच्या भिंतीला?"

"तुमच्या आजोबांच्या तसबिरीमागे पाडतो. कचेरीच्या बाजूने कुणाला दिसणार नाही."

सगळे तसबिरीकडे बघायला लागले. पागोटं घातलेले आजोबाही आमच्याकडे बघत होते. चौधरीसाहेबांना हसू आवरेना, आणि राग तर आलेलाच होता. दोन्ही एकदम झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. "एवढ्या चार माशांच्या लिलावासाठी?" ते म्हणाले.

"साहेब, लिलाव नसेल तर तो माणूस येत नाही," मोरूभाऊ म्हणाले. "आणि आला नाही तर राहत नाही."

परवानगी मिळाली. काम कंपनीकडे गेलं ते गेलंच, पुढच्या महिन्यापासून. मोरूभाऊंनी किल्ल्या दिल्या, त्या मुलीला बरोबर घेऊन सगळ्या तारा दाखवल्या, एकही न लपवता. पुढे वर्षही झालं नाही, ते गेले. वाडीत काम करता करता बसले, आणि उठले नाहीत. त्यांच्या दिवसांना मी उमेळ्याला गेले होते. तांडेलबाबाही मंगलच्या खांद्यावर हात ठेवून आले होते, अंगणात एका बाजूला बसून होते. पण डोळे मिटले की मला मोरूभाऊ दिसतात ते त्या सोमवारी सकाळचे.

रविवारभर त्यांनी भिंत पोखरली होती. दगड, चुना, मधेच शिंपल्यांचे तुकडे. तसबीर बरीच उंच, म्हणून पलीकडे डायलिसिसच्या खोलीतही भोक पार छताशी निघालं. सोमवारी बाबा आले तेव्हा केबल वर लोंबत होती आणि मोरूभाऊ शिडीवर. भुवया चुन्याने पांढऱ्या झालेल्या.

"पडदा काळा हाय," बाबा दारातच थबकले. "मी जातो घरी."

"बसा हो, तांडेल! आत्ता लावतो."

"लिलाव संपत आला असंल."

"बसा म्हणतो ना! सिस्टर, त्यांना सुई लावा आधी, म्हणजे पळणार नाहीत."

सिस्टरांनी मंगलने पाठवलेल्या माणसाच्या हातून बाबांना जवळजवळ ओढूनच घेतलं. मशीन सुरू झालं. मोरूभाऊंनी केबलचं टोक भिंतीवरच्या खोबणीत घातलं, पण खोबण अजून पक्की बसवलेली नव्हती, हात काढला की टोक निसटायचं. हाताने दाबून धरलं, तेव्हा पडदा उजळला.

मंगलचा चेहरा आला. दमलेली, केस कपाळाला चिकटलेले. "बाबा, झाला लिलाव. बरा झाला, मी नीट विकलं. चालले मी घरी."

"थांब गो," बाबा म्हणाले. "फोन तिथं ठेव. त्या पिंपावर ठेव. तू जा, कुनीतरी आनून देईल तुला."

मंगलने फोन पिंपावर उभा केला आणि ती पडद्यातून निघून गेली. मग पडद्यावर माणूस कुणी नव्हतं. ओला धक्का, उलट्या घातलेल्या टोपल्या, एक कुत्रं, आणि पलीकडे बोटी. भरतीचं पाणी हळूहळू वर चढत होतं, आणि एकेक बोट जागच्या जागी उचलली जात होती. बाबा काही ओरडले नाहीत. मोकळा हात पोटावर ठेवून बघत राहिले.

"दिसतंय ना?" मोरूभाऊंनी वरून विचारलं. त्यांचं तोंड भिंतीकडे, त्यांना पडदा दिसत नव्हता. "आता जरा सोडतो. खोबण पक्की करून घेतो, एक क्षण जाईल चित्र."

"नको."

"अहो, हात भरून आलाय माझा."

"मोरूशेट," बाबा हळू आवाजात म्हणाले, "पानी चढतंय. थांब जरा."

मोरूभाऊंनी एका हाताच्या जागी दुसरा हात लावला, मधे टोक हलू न देता, आणि कपाळ भिंतीला टेकलं. मला खिडकी उघडायची होती, बाहेर माणसं जमली होती, मी निघाले. दारातून मागे वळून बघितलं तेव्हा ते तसेच शिडीवर उभे होते, हात वर, डोळे मिटलेले.